मोठ्यानं वाचणारी चांगुणाबाई

मला राग लवकर येतो, हे माझ्या माहेरी झरीलाही ठाऊक आहे आणि सासरी बोरीलाही. तेव्हा ही हकीकत मी शांतपणे सांगेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. गोष्ट माझ्या सासूची, चांगुणाबाईची आहे. मी त्यांना आत्याबाई म्हणते. सून सासूच्या बाजूनं भांडते याचं आमच्या गल्लीला अजून नवल वाटतं. वाटू दे.

आत्याबाईंना मनात वाचता येत नाही. शाळा त्यांच्या वाट्याला आलीच नव्हती, शेळ्या आल्या होत्या. लग्न होऊन बोरीत आल्यावर वस्तीतल्या आश्रुबांनी त्यांना अक्षरं शिकवली. आश्रुबा म्हणजे आमच्या विहारातले जुने वाचक. जे तोंडानं म्हटलं नाही ते वाचलंच नाही, अशी त्यांची शिकवण्याची रीत. ती आत्याबाईंच्या अंगात इतकी मुरली की आजही त्या औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा मोठ्यानं वाचतात. ओठ मिटून वाचायला गेलं तर अक्षरं मुंग्यांसारखी पांगतात म्हणतात. आवाज खणखणीत. घरं आमची भिंतीला भिंत लागून. म्हणजे आत्याबाईंनी काय वाचलं हे गल्लीला वेगळं सांगावं लागत नाही.

आश्रुबा गेल्यावर विहारातलं वाचकाचं आसन आत्याबाईंकडं आलं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. त्या काळात रोज संध्याकाळी बाया रानातून आल्या, हातपाय धुतले, की विहारात ग्रंथ वाचला जातो. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्यात आश्रुबांनी घालून दिलेला एक नियम आहे. वाचन झालं की ज्याला शंका असेल त्यानं विचारायची, आणि शंका फिटेपर्यंत ‘साधू, साधू, साधू’ म्हणायचं नाही. साधू म्हटल्याशिवाय कुणी उठायचं नाही. शंका उद्यावर टाकली की तिला मुळं फुटतात, असं आश्रुबा म्हणत. या नियमापायी चुलीवरची कितीतरी वरणं करपली, पण नियम कुणी मोडला नाही.

आता आत्याबाईंच्या पुस्तकांचं सांगते, कारण सगळं रामायण त्यांच्यावरून झालं.

आश्रुबांनी जाताना त्यांना आपलं गाठोडं दिलं होतं. त्यात सगळी जुनी इतिहासावरची काव्यं: किल्ल्याचे वेढे, लढाया, पडलेले सरदार. आत्याबाई ती सकाळी भाकरी थापताना म्हणत, कारण त्यांची चाल थापण्याला बरोबर बसते. पण नुसतं म्हणून थांबतील तर त्या आत्याबाई कसल्या! मध्येच परात बाजूला सरकवून मला म्हणायच्या, “बघ रेणुका, घोड्याचं नाव हाय, तलवारीचं नाव हाय, हत्तीच्या घंटेचं वर्णन बारा ओळी. अन् घोड्याची लीद काढणारा कोन व्हता? त्याला नाव न्हवतं का?” कवीवर असा दात खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काव्य. मी विचारलं तर म्हणाल्या, “भांडायलाबी वाचावंच लागतं की.”

जिंतूर रस्त्याला सिस्टर लोकांचं मुलींचं वसतिगृह होतं. आत्याबाई तिथं कित्येक वर्षं स्वयंपाकाला होत्या. वसतिगृह बंद झालं तेव्हा सिस्टरांनी कामाच्या बायांना सांगितलं, काय हवं ते घेऊन जा. कुणी पातेली नेली, कुणी पलंग नेले. आत्याबाईंनी पुस्तकांचं खोकं डोक्यावर आणलं. मराठीच पुस्तकं, कॅथलिक धर्मगुरूंनी लिहिलेली. दया कशाला म्हणायचं, दुःख का येतं, दिवस मावळला की आपण आज कुणाशी कसं वागलो ते कसं तपासायचं. हे तपासणं त्यांना फार आवडलं. “हे तर आपल्याच स्मृतीसाधनेच्या घरचं पाव्हणं दिसायलंय,” म्हणाल्या. पण आदिपापाचं प्रकरण आलं, माणूस जन्मतःच पापी असतो म्हणे, तेव्हा त्यांनी पुस्तक अंगणात भिरकावलं. “जन्मानं वाईट! हे आमाला एकदा सांगून झालंय. तवाबी आमी ऐकलं न्हाई.” दुसऱ्या दिवशी पुस्तक झटकून आणलं आणि पुढचं प्रकरण सुरू केलं.

आणि तिसरी भयकथांची पुस्तकं. ती माझे मालक, दत्ता, परभणीच्या बाजारातून किलोवर आणतात. हडळी, पछाडलेले वाडे, अमावस्या. आत्याबाई ती दुपारी वाचतात, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात चवीनं वाचतात. एका बाईनं त्यांना टोमणा मारला होता, बौद्ध असून भुतं मानता का म्हणून. त्या म्हणाल्या, “भूत मानणारा पुस्तक कशाला वाचंल? त्यो देवऋष्याकडं जातो.” मग मला आत येऊन म्हणाल्या, “एक मातर हाय. ह्या लेखकायचं भूत नेमकं वस्तीच्या वाटंवरच कसं राहतं? पाटलाच्या माडीवर त्याला करमत न्हाई वाटतं.” तरी दुपार झाली की चष्मा शोधायच्याच.

हे सगळं मोठ्यानं बरं का. शेजारच्या कडूबाई, आमची त्यांची भिंत एक. दुपारी आवाज बारीक झाला की त्या पलीकडून भिंतीवर लाटणं आपटायच्या. समोरचे सिताराम बैलांचा कडबा तोडायला नेमके आमच्या खिडकीखाली यायचे, तेही हडळ निघायच्या वेळेलाच. अख्खी गल्ली आत्याबाईंच्या वाचनावर पोसलेली होती. हे ध्यानात ठेवा, कारण माझा राग इथूनच सुरू होतो.

यंदाच्या वर्षावासात एका संध्याकाळी आत्याबाईंनी दिवेलागणीला घरी सिस्टरांचं मननाचं पुस्तक वाचलं आणि तशाच विहारात गेल्या. ग्रंथाचं प्रकरण वाचून झालं. कुणाला शंका नव्हती. त्यांनी ग्रंथ मिटला, हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “आमेन.”

वसतिगृहात रोज संध्याकाळी मुली प्रार्थना म्हणायच्या तेव्हा हातात पळी घेऊन स्वयंपाकघरातून आत्याबाईही शेवटचा शब्द म्हणायच्या. इतक्या वर्षांची तोंडाची सवय, घसरली जीभ. मग एक पोर फिसकन हसलं. आत्याबाईंनी जीभ चावली, स्वतःही हसल्या आणि लगेच “साधू, साधू, साधू” म्हणाल्या. सगळ्यांनी मागून म्हटलं. घरी आल्यावर आम्ही इतके हसलो की दत्ताला ठसका लागला. माझ्या लेखी विषय तिथं संपला होता.

सिद्धोधनच्या लेखी नव्हता. सिद्धोधन विहार समितीचा सचिव, जिंतूरला सरकारी कचेरीत कारकून. माणूस वाईट नाही, देणगी गोळा करण्यात, पत्रे बसवून घेण्यात नेहमी पुढं. त्यानं रविवारी सभा बोलावली. सगळी वस्ती जमली.

“मावशी, तुमच्या घरात येशूची पुस्तकं हायेत म्हणं?” त्यानं विचारलं.

“हायेत,” आत्याबाई म्हणाल्या.

“अन् भुताखेताची?”

“ती जास्त हायेत.”

कुणीतरी हसलं. सिद्धोधन हसला नाही. तो म्हणाला, “मावशी, दिवस कसे हायेत तुमाला कळंना. तुमचं ते आमेन कुणी मोबाईलवर घेतलं असतं अन् बोरीत धर्म बदलायलेत म्हणून टाकून देलं असतं, तर? पोलीस सिस्टरकडं जायचे न्हाईत, आपल्या दारात यायचे. आपल्या पोरायच्या नोकऱ्या, आपली इज्जत, सगळं पणाला लागायचं.”

त्याचं भय खोटं नव्हतं. मला त्याचाच जास्त संताप येतो. बाहेरच्यांच्या नजरेची भीती खरी होती, आणि त्या भीतीचं ओझं उचलायला त्याला सापडली कोण, तर पासष्टीची म्हातारी. मी उठलेच. म्हणाले, “ज्यांच्या तसबिरीखाली सभा भरवली, त्या बाबासाहेबांनी धर्म घ्यायच्या आधी सगळे धर्म वाचून काढले होते. का ते वाचून किरिस्ताव झाले?” दत्तानं माझा पदर ओढून मला खाली बसवलं. त्याचा हिशोब मी घरी चुकता केला.

मग सिद्धोधननं विचारलं, “ह्या पुस्तकायचं कुणाकुणाला माहीत होतं?”

बस. सगळ्यांनी माना खाली घातल्या. भिंतीवर लाटणं आपटणाऱ्या कडूबाई सतरंजीचा दोरा उपसत बसल्या. कडबा तोडणारे सिताराम छताकडं बघायला लागले. वर्षानुवर्षं ज्यांनी कानाची झोळी करून ऐकलं, त्यांतल्या एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. आत्याबाईंनी एकेकाकडं पाहिलं. मी त्यांच्या शेजारीच होते. त्या क्षणी मला कडूबाईंच्या झिंज्या धरून त्यांना उभं करावंसं वाटलं, आणि हे मी आजही त्यांच्या तोंडावर सांगते.

निकाल असा लागला की आत्याबाईंनी ती पुस्तकं विहारात जमा करावी, त्यांचं काय करायचं ते समिती ठरवेल. तोवर ग्रंथ सिद्धोधन वाचेल. आत्याबाई उठून म्हणाल्या, “जीभ चुकली ती माझी. तिची माफी मागते. पुस्तकं देणार न्हाई.” आणि आसन सोडून मागच्या ओळीत जाऊन बसल्या.

त्या दिवसापासून आमचं घर मुकं झालं. सकाळी नुसतं भाकरी थापण्याचा आवाज. दुपारी आत्याबाई पुस्तक उघडायच्या, ओठ हलायचे, नजर दाराकडं जायची, पुस्तक मिटायचं. मनात वाचता येत नव्हतं आणि मोठ्यानं वाचवत नव्हतं. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला कान होते, फक्त वेळेला तोंड नव्हतं. मी म्हटलं, आतल्या खोलीत दार लावून वाचा. तर माझ्यावरच उसळल्या, “चोरून वाचू? मी कुणाचं काय चोरलंय?” मग सूप घेऊन सोयाबीन पाखडत बसल्या. दुपारच्या वेळी, ज्या वेळी त्यांच्या डोळ्यांत चमक असायची, त्या वेळी पाखडून झालेलं धान्य पुन्हा पाखडायच्या. मला भीती वाटायला लागली की ही बाई आता वाचायचीच सोडते की काय. एका माणसाला वाचायला मिळालेलं अर्धं आयुष्य, तेही गल्लीनं माना खाली घालून काढून घेतलं.

विहारात मात्र त्या रोज जात. मागं बसत. सिद्धोधन ग्रंथ वाचायचा तो लिलावाची नोटीस वाचावी तसा, आणि शंका आहे का हे विचारतानाच साधू म्हणायला हात जोडायचा. कुणी विचारत नव्हतं.

एका सकाळी कडूबाई आमच्या दारात आल्या. गुडघ्याचं दुखणं सांगितलं, पावसानं कापसाचं काय केलं ते सांगितलं. मग हळूच म्हणाल्या, “चांगुणे, त्या पेवात काय होतं गं?”

सभेच्या आधीच्या दुपारी आत्याबाई एक भयकथा वाचत होत्या. देशमुखाचा कारभारी जुनं पेव उघडतो. पेव म्हणजे जमिनीखालची धान्याची कोठी, पिढ्यान् पिढ्या बुजवून टाकलेली. कारभारी वाकून आत हाक मारणार, तेवढ्यात त्यानं तोंड उघडायच्या आधीच आतून त्याच्याच आवाजात हाक येते. तिथं वाचन थांबलं होतं. तेव्हापासून कडूबाईंचा डोळ्याला डोळा लागत नव्हता म्हणे.

मी पुढं झाले. कडूबाईंना जे काही बोलायचं ते सगळं बोलले, त्यातलं निम्मं इथं लिहिता येणार नाही. लाज कशी वाटत नाही, सभेत जीभ कुठं गहाण ठेवली होती, लाटण्याचे वळ अजून आमच्या भिंतीवर आहेत, वगैरे. कडूबाई रडायला लागल्या. मला दया आली नाही.

आत्याबाई सूप खाली न ठेवताच म्हणाल्या, “इथं कामून इचारायलीस, कडू? शंका इचारायची जागा हाय की. तिथं इचार.”

कडूबाई डोळे पुसत गेल्या. मला वाटलं, ही म्हातारी कसली विचारते.

त्याच संध्याकाळी सिद्धोधननं प्रकरण संपवलं. “काही शंका?” म्हणत हात जोडले.

“हाय,” कडूबाई गुडघ्यांवर हात टेकवत उठल्या. “चांगुणाच्या पुस्तकातला कारभारी पेवात वाकला, तर आतून त्याचाच आवाज आला. त्या पेवात काय होतं?”

पोरं हसायला लागली. सिद्धोधनचा चेहरा पडला. “कडूमाय, ही ग्रंथावरची शंका न्हाई.”

“ग्रंथावरचीच इचारा, असं आश्रुबा कवा म्हणले? मनात आली ती इचारा म्हणले.”

“अन् त्या पुस्तकात काय हाय ते तुमाला कसं माहीत?”

कडूबाईंनी एकदा आत्याबाईंकडं पाहिलं. “ऐकलं. रोज ऐकत होते. लाटणं आपटून मोठ्यानं वाच म्हणत होते. त्या दिशी सभेत बोलले न्हाई. भ्याले मी.”

मागून सितारामांचा आवाज आला, “मीबी ऐकत होतो.” मग एक बाई, मग दुसरी. कुणी खिडकीतून ऐकायचं, कुणी हापशावर हंडा भरून झाला तरी उभं राहायचं. आता सगळ्यांना कंठ फुटला होता. सगळे आत्याबाईंकडं वळून बसले.

आत्याबाई उठल्या. मी त्यांना कवीवर चिडलेलं पाहिलं आहे, पाद्र्यांवर चिडलेलं पाहिलं आहे. असं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

“मला माहीत न्हाई,” त्या म्हणाल्या. “पुढचं पान मी वाचलंच न्हाई. त्या दिवसापासून एक अक्षर वाचलं न्हाई मी. सिद्धोधन भ्याला, ते समोर उभा राहून भ्याला. त्याच्यावर माझा राग हाय, पण त्याच्याशी मला भांडता तरी येतं. तुमी? माझ्या तोंडानं अर्धा जलम पुस्तकं ऐकलीत, अन् माझी पाळी आली तवा बहिरे झालात. मी तुमाला काय मागितलं होतं? एवढंच, की आमालाबी माहीत होतं म्हणा.”

सिद्धोधन चाचरत म्हणाला, “बसा मावशी. साधू म्हणूया.”

“कसं म्हणशील? शंका फिटली न्हाई.”

त्यानं ग्रंथाकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं. “मग काय करायचं म्हणता?”

“पुस्तक माझ्या घरी हाय. इथं आणणार न्हाई, तू जमा करून घेशील. ज्याला ऐकायचंय त्यानं माझ्या दारात यावं. भिंतीमागून न्हाई, खिडकीखालून न्हाई. रस्त्यावर, दिव्याखाली, गावाला दिसंल असं बसावं.” आणि त्या चालू लागल्या. साधू न म्हणता विहारातून कुणी उठल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

घरी येऊन त्यांनी पुस्तक घेतलं आणि ओट्यावर बसल्या. उघडलं नाही, मांडीवर ठेवलं. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. रस्ता रिकामा होता. मी दारात उभी होते आणि मनातल्या मनात एकेकाचं नाव घेऊन शिव्या मोजत होते. आज कुणी आलं नसतं ना, तर ही बाई पुन्हा पुस्तक हातात धरणार नव्हती, हे मला त्यांच्या पाठीकडं बघून कळत होतं.

कडूबाई पहिल्या आल्या. बसायला पोतं घेऊन आल्या आणि बरोबर रस्त्याच्या मधोमध, खांबावरच्या दिव्याखाली अंथरलं. मग सिताराम आले. मग बाया, पोरं. सगळे नाही आले. जे आले ते उजेडात बसले. शेवटी कोपऱ्यावर सिद्धोधन दिसला, हातात मोबाईल. मी कमरेला पदर खोचला. पण त्यानं मोबाईल खिशात टाकला, रस्त्याकडं मागंपुढं बघितलं आणि उभाच राहिला.

“उभ्या माणसाला मी वाचून दाखवत न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या.

मग तो रुमाल अंथरून बसला, सगळ्यांच्या मागं.

आत्याबाईंनी पान उघडलं. पहिल्या ओळीला आवाज घोगरा निघाला, दुसऱ्या ओळीला मोकळा झाला, आणि मग तो बोरीच्या वरच्या आळीपर्यंत गेला असणार, जाऊ दे गेला तर. पेवात काय होतं ते मी सांगणार नाही. ऐकायचं असेल तर येऊन बसा.

वाचन संपल्यावर माणसं गेली नाहीत, बोलत बसली, जणू काही झालंच नव्हतं. कडूबाई मला म्हणाल्या, “रेणुका, च्या टाक की सगळ्याला.” दत्ता मला खुणा करायला लागला. आत्याबाईसुद्धा म्हणाल्या, “टाक गं, असू दे.”

मी टाकला नाही. एक कपसुद्धा नाही. क्षमा करा म्हणून त्यांच्या सिस्टरांच्या पुस्तकात पानोपानी लिहिलेलं असेल. माझ्या वाचनात ते अजून आलेलं नाही.